जुनी इस्टेट लॉज आणि तिची डेअरी: लाकूड खरं की शोभेचं, ओल कुठली, आणि स्वयंपाकघर कुठे करावं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. इंग्लंडमधल्या चेशरमध्ये एका जुन्या इस्टेटची लॉज, म्हणजे फाटकाशी असलेलं घर, आणि तिला लागून असलेली डेअरी, म्हणजे दूध ठेवून लोणी काढायची खोली, तुम्ही दोघांनी विकत घेतली आहे. सर्व्हेच्या अहवालात 'लाकडी सांगाड्याची इमारत, अंदाजे १८७० चं दशक, ग्रेड टू' एवढंच लिहिलंय. (ग्रेड टू म्हणजे संरक्षित, 'सूचीबद्ध' इमारतींच्या यादीतला एक दर्जा.) बिल्डर म्हणतो, काळी लाकडं बरीच कुजली आहेत, ती काढून नवीन ओक बसवू; मधल्या पांढऱ्या भागावर सिमेंटचा गिलावा करू; डेअरीच्या भिंतींना ओल रोखणारं इंजेक्शन देऊ; आणि मधली जाड भिंत पाडून डेअरीचं मोठं, मोकळं स्वयंपाकघर करू. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे लाकूड खरंच भार पेलतंय की नुसतं शोभेचं आहे, ओल जाईल का, आणि स्वयंपाकघर होईल का.

मी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याआधी वाई-साताऱ्याकडे वाड्यांवर काम केलं. तुमची इमारत न पाहता लिहितोय, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील: पावसाचा मारा कोणत्या बाजूने आहे, मधल्या काळात कोणी काय डागडुजी केली, डेअरीतल्या टाइल्स किती शाबूत आहेत. पण बिल्डरच्या चारही सूचनांमागे एकच समज दिसते, की हे एक घर आहे आणि ते ओलं झालंय. माझ्या मते घोळ तिथेच आहे. एकाच पोशाखातल्या या दोन इमारती आहेत. लॉज बांधली ती राहण्यासाठी आणि रस्त्यावरून दिसण्यासाठी. डेअरी बांधली ती थंड राहण्यासाठी आणि रोज पाण्याने धुतली जाण्यासाठी. एकीची दुरुस्ती दुसरीला लावली की दोन्ही बिघडतात. म्हणून आधी त्या कशासाठी आणि कशा बांधल्या ते सांगतो, मग तुमच्या प्रश्नांकडे येतो.

लॉज म्हणजे इस्टेटच्या फाटकाशी राहणाऱ्या राखणदाराचं घर. पण मालकासाठी ती पाहुण्याला दिसणारी पहिली इमारत होती, त्यामुळे तिच्यावर आकाराच्या मानाने फार खर्च व्हायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या खेडवळ घरांचं रूप मुद्दाम उभं करण्याची आवड बड्या जमीनदारांत पसरली. ब्रिस्टलजवळच्या ब्लेझ हॅम्लेटमध्ये वास्तुविशारद जॉन नॅशने १८१० आणि १८११ मध्ये नऊ कॉटेजेस बांधल्या, एकीसारखी दुसरी नाही. ही आवड त्याआधी फ्रान्समध्येही होती. व्हर्सायला राणी मारी आंत्वानेतसाठी वास्तुविशारद रिशार मीकने १७८३ पासून जे छोटं खेडं उभं केलं, तिथे नव्या भिंतींवर जुनेपणा दिसावा म्हणून तडे रंगवले होते, आणि तिथे डेअऱ्याही होत्या: एकीत दुधाचं काम व्हायचं, दुसरीत राणी पाहुण्यांबरोबर ते चाखायची. तुमच्या चेशरमध्ये मात्र काळ्या-पांढऱ्या लाकडी घरांची परंपरा अस्सल आणि जुनी आहे. चेस्टरचे वास्तुविशारद जॉन डग्लस यांनी १८६० नंतर ती परंपरा नीट अभ्यासली आणि ती पुन्हा वापरात आणण्यात मोठा वाटा उचलला. ईटन हॉल इस्टेटवर पहिल्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरसाठी त्यांनी लॉजेस, शेतघरं, कॉटेजेस असं भरपूर काम केलं. त्यांचं पाहून त्या भागातल्या इतर इस्टेटींनीही तसंच केलं. तुमची लॉज कोणाची हे मला माहीत नाही, पण वर्ष आणि जागा पाहता ती या लाटेतली असणार. या लाटेतल्या इमारतींत खरं सुतारकाम आणि दिखाऊ सुतारकाम एकाच भिंतीत भेटतं, म्हणून 'लाकडी सांगाड्याची' या एका शब्दावर विसंबून कुऱ्हाड चालवू नका.

आता लाकडाची परीक्षा. यासाठी कोणालाही बोलवायची गरज नाही; कोरड्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः करू शकता.

सगळ्यात आधी कोपऱ्यावर जा. भार पेलणारा कोपऱ्याचा खांब एकच लाकूड असतो, त्यामुळे तो दोन्ही भिंतींवर दिसतो आणि कडेवरून फिरताना त्याच्या रेषा, त्याची भेग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना दिसते. शोभेचं काम असेल तर कडेवर दोन फळ्या भेटतात आणि मधे उभी सांध्याची रेघ असते, बहुधा रंगाने बुजलेली. नखाने किंवा बोथट चाकूने रंग जरा खरवडला की कळतं. मग खिडकीच्या कडेला पाहा: खरं लाकूड भिंतीच्या आत खोल जातं, फळी इंच-सव्वा इंचावर संपते आणि तिच्यामागे वीट दिसते.

त्यानंतर सांधे. खऱ्या सांगाड्यात एका लाकडात खोबण कोरून दुसऱ्याचं कुसू तिच्यात बसवलेलं असतं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते. ही खुंटी जवळून बघण्यासारखी आहे. कुसवाचं भोक खोबणीच्या भोकापेक्षा किंचित आत पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताना ती वाकून सांधा आवळते. ओक ओला असतानाच कापून बसवायची पद्धत होती. पुढे वाळताना तो आकसतो आणि सांधा आणखी घट्ट होतो. म्हणून खऱ्या खुंट्या हाताने तासलेल्या, पूर्ण गोल नसलेल्या, बऱ्याचदा लाकडाच्या बाहेर बोटभर डोकावणाऱ्या असतात. दिखाऊ कामात खुंटीच्या जागी नुसता गोल तुकडा चिकटवलेला असतो, किंवा थेट खिळ्यांची डोकी दिसतात. सांध्याजवळ कोरलेल्या रोमन अंकांसारख्या खुणाही शोधा. सांगाडा सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा जुळवायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचे. कोणतं लाकूड कुठे जायचं ते कळावं म्हणून या खुणा.

शेवटी माळ्यावर चढून आतली बाजू बघा. वाकसाने तासल्याच्या खुणा किंवा हातकरवतीच्या थोड्या वाकड्यातिकड्या सरळ रेघा असतील तर लाकूड जुनं असू शकतं; कमानीसारख्या समांतर रेघा असतील तर ते यंत्राच्या गोल करवतीचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं. रिकाम्या खोबणी आणि वापरात नसलेली खुंट्यांची भोकं दिसली तर चकित होऊ नका. जुन्या कोठाराचं लाकूड इस्टेटवर पुन्हा वापरायची पद्धत सर्रास होती.

माझा अंदाज सांगतो, तो तपासून बघा. खालचा मजला विटांचा किंवा दगडाचा आणि त्यावर लाकूड असेल तर ते फळ्यांचं असण्याची शक्यता जास्त. वरचा मजला, विशेषतः रस्त्याकडे पुढे आलेला तिकोनी भाग, खऱ्या सांगाड्याचा असू शकतो. आणि मागच्या बाजूला, जिथे पाहुण्याची नजर जात नाही, तिथे लाकूड एकदम थांबून साधी वीट सुरू झालेली दिसेल. डेअरीच्या बाहेरचं लाकूड बहुतेक सगळं शोभेचं असणार, कारण डेअरीला जाड, जड भिंत हवी असते आणि लाकडी सांगाड्याची भिंत पातळ असते.

याचा तुमच्या निर्णयावर थेट परिणाम होतो. खऱ्या सांगाड्यातलं लाकूड काढलं तर वरचा भार कुठे जाणार याचं उत्तर आधी हवं, आणि त्यासाठी जुन्या इमारतींचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. शोभेची फळी काढली तर घर पडत नाही, पण ती फळीसुद्धा सूचीबद्ध इमारतीचा भाग आहे आणि १५० वर्षांची आहे. तिला 'नकली' म्हणून फेकून द्यायचा बिल्डरला हक्क नाही. मी अशा फळ्याही खऱ्या खांबाइतक्याच काळजीने दुरुस्त करतो. कुजलेलं टोक तेवढं कापायचं, तिरका लांब सांधा करून नवा ओक जोडायचा. छोट्या तुकड्यांसाठी वाळलेला ओक घ्या; ओला घेतला तर तो आकसून सांधा उघडा पडतो. पूर्ण खांब बदलायची वेळ फार क्वचित येते. ओकचा बाहेरचा भाग भुसभुशीत दिसतो आणि आत चाकू अर्धा सेंटिमीटरही शिरत नाही, असं खूपदा होतं. बिल्डरने 'कुजलंय' म्हटलेल्या प्रत्येक लाकडाला आधी टोचून बघा.

ज्यांनी वाडा पाहिलाय त्यांना हा सांगाडा अनोळखी नाही. आपल्याकडे सागाचे खांब, वर तुळई, मधे वीट-मातीची भरण. इथे ओक, आणि मधे काठ्यांच्या विणीवर मातीचा लेप किंवा वीट. एक फरक मात्र कामाचा आहे. आपला खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जमिनीपासून सुटा. इथे खांब बहुधा जोत्यावर आडव्या टाकलेल्या लाकडात रोवलेले असतात, आणि ते आडवं लाकूड भिंतीभर पसरलेलं असल्यामुळे पावसाचं पाणी साठायची पहिली जागा तीच. तुमच्या सांगाड्यात काही खरोखर कुजलं असेल तर ते तिथे असणार. बाहेरची जमीन, फरशी किंवा फुलझाडांचा वाफा त्या लाकडापर्यंत चढलाय का ते आधी बघा. चढला असेल तर खोदून खाली उतरवा. काही वेळा एवढ्या एका कामाने निम्मी तक्रार मिटते.

सिमेंटबद्दल मी ठामपणे नाही म्हणतो, आणि यात परिस्थितीचा प्रश्न नाही. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं. सिमेंट ताठ असतं. दोघांच्या मधे केसाएवढी फट पडते, पाऊस वाऱ्याबरोबर तीतून आत जातो, आणि सिमेंट त्याला परत बाहेर सुकू देत नाही. पाणी लाकडाच्या मागच्या अंगाला बसून राहतं, त्यामुळे बाहेरून काळंभोर, धडधाकट दिसणारं लाकूड आतून पोकळ झालेलं सापडतं. फट सिलिकॉनने भरली तर आणखी वाईट, कारण आत गेलेलं पाणी पूर्ण कोंडलं जातं. वाड्यांना गेल्या काही दशकांत सिमेंटचा गिलावा केला तिथे खांबांचे तळ असेच गेलेले मी पाहिलेत. तुमच्याकडे आताच सिमेंट असेल, आणि पांढऱ्या भागावर ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ते काढायचं आणि चुन्याचा, केस मिसळलेला गिलावा करायचा. त्यावर चुन्याची सफेदी. ती दर काही वर्षांनी द्यावी लागते हे खरं, पण भिंत कोरडी राहते.

काळ्या रंगाचंही तसंच. इथले जुने ओकचे सांगाडे पूर्वी बऱ्याचदा उघडे सोडत, ते चंदेरी करडे होत. किंवा लाकूड आणि भिंत दोन्हींवर सरसकट चुना मारत. सगळं काळंकुट्ट करायची रीत मुख्यतः व्हिक्टोरियन काळातली. तुमची लॉज त्याच काळातली असल्याने तिचा मूळ रंग काळा असणं शक्य आहे, आणि तो ठेवायला माझी हरकत नाही. पण डांबर किंवा प्लास्टिकसारखा थर देणारा आधुनिक रंग नको. जवसाच्या तेलाचा रंग वापरा. जुना रंग काढण्यासाठी वाळूचा मारा मुळीच करू देऊ नका. लाकडाचा पृष्ठभाग आणि त्याबरोबर सुताराच्या खुणा कायमच्या जातात.

लाकडात साधारण ३ मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर तो ओकमधला डेथवॉच बीटल असू शकतो. घाबरून सगळीकडे औषध फवारू नका. हा किडा ओल्या, बुरशीने मऊ झालेल्या लाकडात फोफावतो आणि त्याची अळी आत वर्षानुवर्षं राहते. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली आणून तिथेच ठेवणं हा मुख्य उपाय. वसंतात भोकांखाली ताजा भुसा पडतो का ते बघा. पडत नसेल तर भोकं जुनी आहेत.

आता डेअरी. मला तुमच्या इमारतीतली ही सगळ्यात मोलाची खोली वाटते.

इथे गायी कधीच नव्हत्या. दूध बाहेरून यायचं, गाळून उथळ पसरट भांड्यांत ओतायचं आणि साधारण दिवसभर न हलवता ठेवायचं, म्हणजे साय वर यायची. ती काढून घुसळून लोणी. बर्फ किंवा यंत्राची थंडी नसताना हे जमायला खोलीचं तापमान उन्हाळ्यातही १० ते १३ अंश सेल्सियसच्या आसपास हवं. त्याहून गरम झालं तर साय नीट वर येण्याआधी दूध आंबतं. फार गार झालं तर साय सावकाश येते. तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत खोली ठेवायची, आणि तीही भिंत, छप्पर, सावली आणि वारा एवढ्याच साधनांनी. तुमच्या डेअरीचा प्रत्येक भाग या हिशेबाने वाचून बघा. तोंड उत्तरेकडे असेल. छपराची वळचण खूप पुढे आलेली असेल किंवा भोवती पडवी असेल, म्हणजे ऊन भिंतीला लागत नाही. फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा एक-दोन पायऱ्या खाली, कारण जमिनीचं तापमान वर्षभर कमी बदलतं. खिडक्या उंचावर, लाकडी पट्ट्यांच्या किंवा भोकं पाडलेल्या जस्ताच्या पत्र्याच्या, म्हणजे वारा यावा आणि माश्या येऊ नयेत. कडेने स्लेटच्या किंवा संगमरवराच्या जाड फळ्या, कारण दगड भांड्यातली ऊब ओढून घेतो. फरशीला उतार, आणि पाणी भिंतीतून बाहेरच्या गटारीत. खोलीच्या आत मोरीचं तोंड ठेवत नसत, कारण दूध वास फार पटकन धरतं.

विंडसरजवळ फ्रॉगमोरला प्रिन्स अल्बर्टच्या पुढाकाराने १८५८ मध्ये पूर्ण झालेली रॉयल डेअरी याच तत्त्वावर आहे, फक्त राजेशाही थाटात: मिंटन या नामांकित इंग्लिश कारखान्याच्या टाइल्स, संगमरवरी टेबलं. तिचा नमुना पाहून अनेक इस्टेटींनी आपापल्या ऐपतीप्रमाणे टाइल्स लावल्या. टाइल्स नुसत्या शोभेसाठी नव्हत्या. सांडलेलं दूध गुळगुळीत पृष्ठभागावरून पूर्ण धुतलं जातं, गिलाव्यात ते मुरून आंबतं.

या सगळ्याचं आयुष्य फार लांबलं नाही. गुस्ताफ दे लावालचं साय वेगळी करणारं फिरतं यंत्र १८७८ मध्ये आलं आणि दूध तासन्‌तास ठेवायची गरज संपत गेली. त्याआधीच, १८६५-६६ च्या गुरांच्या साथीनंतर, लंडनला रेल्वेने दूध नेणं वाढलं होतं. तुमची डेअरी बांधली जात असतानाच तिचं काम जायला लागलं होतं. म्हणूनच अशा खोल्या अनेकदा मूळ फळ्या-टाइल्ससह टिकल्या: त्या बदलून घ्यायला कोणाला कारणच पडलं नाही.

तर ओल. बिल्डरने भिंतीला दोन पिनांचं मीटर लावून आकडा दाखवला असेल. ते मीटर वीज किती सहज वाहते ते मोजतं, पाणी नाही. भिंतीत क्षार असले तर कोरड्या भिंतीतही ते मोठा आकडा दाखवतं. आणि या खोलीत वर्षानुवर्षं लोण्याला मीठ लावलंय, फरशीवर खारं पाणी सांडलंय. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळी दिवशी भिंतीचे खालचे दोन-तीन फूट ओलसर दिसतात आणि कोरड्या दिवशी पांढरी पावडर फुटते. तुमच्याकडे असंच होत असेल तर रसायनाच्या इंजेक्शनने काही फरक पडणार नाही, कारण पाणी खालून वर चढतच नाहीये. जाड, आतून दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या भिंतीत इंजेक्शन सलग पसरतही नाही. आणि त्यानंतर कंपन्या हमी देण्यासाठी आतून सिमेंटचा जलरोधक गिलावा करायला लावतात, म्हणजे टाइल्स फोडाव्या लागतात. हे तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी साध्या गोष्टी. वळचणीची पन्हळ फुटलीय का, तिचं पाणी कुठे पडतं? बाहेरची जुनी गटार बुजली असेल. ती मोकळी करा. उंचावरच्या खिडक्या नंतर कोणी काचेने बंद केल्या असतील, तर त्या पुन्हा उघडता येतात का बघा; ही खोली वाऱ्यावर चालायची आणि वारा बंद झाल्यावर ओली झाली, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. टाइल्सच्या सांध्यांतली सिमेंटची दर्जभराई काढून चुन्याची करा, म्हणजे मागची ओल सांध्यातून सुकेल. पांढरी पावडर कोरड्या ब्रशने झाडून बाहेर न्या, पाण्याने धुऊ नका.

स्वयंपाकघराचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेली घरातली साधी हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सुटतं. तुमच्या डेअरीच्या टाइल्स आणि दगडी फळ्या थंडीत याहून गार असतील. तिथे भात शिजवला, कुकर लावला, तर भिंती वाहतील. ती खोली ऊबदार करायची तर आतून जाड इन्सुलेशन लावून टाइल्स झाकाव्या लागतील, आणि मग जी खोली तुम्हाला आवडली ती उरणारच नाही.

आणि ती मधली जाड भिंत. डेअरीच्या कामात भांडी उकळत्या पाण्याने धुणं हे अर्धं काम होतं, त्यासाठी चूल आणि तांब्याचा मोठा हंडा लागायचा, पण तो दुधाच्या खोलीत ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून शेजारी धुण्याची खोली, आणि मधे ऊब अडवणारी भिंत. तुमच्या लॉज आणि डेअरीच्या मधे धुराडं असलेली छोटी खोली असेल तर ती हीच. माझा सल्ला: स्वयंपाकघर त्या खोलीत करा. तिथे धुराडं आहे, पाणी आणि निचऱ्याची सोय मुळापासून आहे, ती उष्णतेसाठी आणि वाफेसाठीच बांधलेली आहे. वाफ ओढणारा पंखा बंद पडलेल्या धुराड्यातून बाहेर काढता येतो का ते तपासा, म्हणजे नवीन भोक पाडावं लागणार नाही. डेअरी शेजारी कोठीघर म्हणून ठेवा. धान्य-कडधान्य हवाबंद डब्यांत, तेल, लोणची, भाजी, चीज यांना ती खोली फ्रिजपेक्षा बरी आहे. खोली छोटी पडते ही तुमची अडचण मी समजू शकतो. तेव्हा जेवणाचं टेबल लॉजमध्ये आणा, आणि मधल्या भिंतीत आधीच असलेलं दार रुंद न करता आहे तसंच वापरा. लॉजच्या बाजूला ऊब वाढवायची असेल तर लाकडी तंतूंचे बोर्ड आणि चुन्याचा गिलावा चालतो. चकचकीत फॉइलचा फोम लाकडी सांगाड्याला नको, तो ओल कोंडतो.

कायद्याचं थोडक्यात. १९९० च्या कायद्यानुसार सूचीबद्ध इमारतीचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि 'ग्रेड टू'मध्ये आतला भागही येतो: टाइल्स, स्लेटच्या फळ्या, जुनी दारं. लॉजच्या आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या फाटकाच्या खांबांनाही बहुधा तेच लागू होतं. आधीच्या मालकाने बेकायदा केलेलं काम सरळ करायला कौन्सिल तुम्हाला सांगू शकतं, म्हणून खरेदीच्या कागदांत जुन्या परवानग्या तपासा. परवानगीच्या अर्जाला इंग्लंडमध्ये फी नाही. कोणी सांगेल की सूचीबद्ध इमारतीच्या मंजूर बदलांवर व्हॅट लागत नाही. ती सवलत ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद झाली. माळ्यावर वटवाघळं असतील तर छपराचं काम त्यांच्या सर्वेक्षणाशिवाय सुरू करू नका. कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला आराखडे तयार व्हायच्या आधीच भेटा. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेली एसपीएबी ही जुन्या इमारतींच्या जतनासाठी काम करणारी संस्थाही घरमालकांना दुरुस्तीविषयी सल्ला देते; माझ्या अनुभवात तो सल्ला कोणत्याही कंपनीच्या मोफत सर्व्हेपेक्षा उपयोगी असतो.

क्रम असा लावा. या हिवाळ्यात पन्हळी, गटार, जमिनीची पातळी आणि बंद खिडक्या. यातल्या साध्या साफसफाईला सहसा परवानगी लागत नाही, तरी अधिकाऱ्याला कळवून करा. मग एक पूर्ण वर्ष इमारत सुकू द्या आणि दर महिन्याला त्याच जागांवर लाकडाची आर्द्रता मोजून लिहून ठेवा. ज्या लाकडांचा आकडा खाली येतो त्यांना हात लावू नका. जिथे येत नाही तिथेच पाणी येण्याची वाट शोधा, आणि मग सुतार बोलवा. तो बिल्डरचा नेहमीचा सुतार नको. ओकच्या सांगाड्यांवर काम केलेला हवा, आणि त्याने आधी केलेली दुरुस्ती स्वतः जाऊन बघा. तो लाकूड किती कापणार नाही याबद्दल बोलत असेल तर तो योग्य माणूस आहे.

कोपऱ्याच्या खांबाचा, एखाद्या खुंटीचा आणि लॉज-डेअरीच्या मधल्या खोलीचा फोटो टाकलात तर लाकूड खरं की फळ्यांचं आणि ती धुण्याची खोलीच आहे का, हे मला बरंचसं नक्की सांगता येईल. तोवर बिल्डरला मधली भिंत आणि टाइल्स या दोन गोष्टींना हात लावू नकोस असं लेखी कळवून ठेवा.